भिंगरीच्या कप्तानाची खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर आजवर जेवढी माणसे बसली, त्यांतली निम्मी घाबरलेली होती आणि उरलेली निम्मी स्वप्नात होती. साध्या खुर्चीच्या वाट्याला असे येत नाही. जेवणाच्या खुर्चीवर भुकेली माणसे बसतात, कचेरीतल्या खुर्चीवर कंटाळलेली. माझे नशीब निराळे निघाले. ओतीव लोखंडाचा पाय, चामड्याची गादी, दोन रुंद हात आणि डोके टेकायला एक लहानशी उशी, असे माझे रूप आहे. आता चामड्याला भेगा पडल्या आहेत आणि डावा हात थोडा डुगडुगतो. पण तुम्ही कधी या फोटोच्या दुकानात आलात आणि माझ्या हाताच्या खालून बोटे फिरवलीत, तर बोटांना अजून चिमूटभर चंदेरी रंग लागेल. तो रंग माझ्या अंगावर कसा आला आणि कुणामुळे टिकला, ते सांगते.

कारखान्यातले दिवस मला धूसर आठवतात. भट्टीची ऊब आठवते, पायातल्या स्क्रूला पाजलेले तेल आठवते आणि माझी गादी शिवणारी बाई आठवते. ती आत काथ्या ठासून भरायची, वर कापसाचा थर द्यायची आणि शेवटचा टाका घालून झाला की हाताने थापटून पाहायची. कुठे टोचत तर नाही ना, एवढीच तिची काळजी. खुर्चीचे आयुष्य म्हणजे कुणाला टोचू नये एवढेच, अशी माझी तेव्हा समजूत झाली. आजही ती फारशी बदललेली नाही.

तिथून मी गेले दातांच्या एका डॉक्टरांकडे. मुले मला पाहून दारातूनच मागे सरकायची. आया त्यांना नाना लालूच दाखवायच्या. माझ्या हातांवर जे नखांचे बारीक ओरखडे दिसतात, ते त्याच काळातले. डॉक्टरांचा हात फार हलका होता, पण हे पोरांना पटायला आधी दात निघावा लागे. रडणे थांबेना, की डॉक्टर मला पायाने एक गिरकी द्यायचे. मी गरकन फिरायचे, खिडकी, दार, कपाट, पुन्हा खिडकी, आणि रडणारे मूल एकदम गप्प व्हायचे. तेवढ्या एका गिरकीपुरते त्याला कळायचे नाही, की आपण कुठे आहोत. मलाही कळायचे नाही. मला वाटते, माझे स्वप्न पाहणे तिथेच सुरू झाले.

पुढे डॉक्टरांकडे विजेवर चालणारी नवी खुर्ची आली. मला काही दिवस व्हरांड्यात ठेवले, माझ्यावर झाडांच्या कुंड्या आल्या, आणि मग एके दिवशी भंगारवाल्याची गाडी. भंगाराच्या दुकानात मी मोडक्या सायकली आणि फुटक्या बादल्यांच्या संगतीत पडून होते. तिथे टीव्हीच्या स्टुडिओतला एक सुतार चाके शोधत आला. त्याने मला पाहिले, माझ्यावर बसला, जमिनीला पाय रेटून एक फेरी मारली आणि आपल्याशीच हसला. चाके घ्यायची राहून गेली. त्याने मला नेले.

मित्रांनो, त्या सुताराने मला अंतराळात पाठवले. म्हणजे त्याने मला चंदेरी रंग दिला, माझ्या हातांवर सोड्याच्या बाटल्यांची बुचे चिकटवून बटणे केली आणि मला एका लाकडी चौथऱ्यावर नेऊन बसवले. चौथऱ्याच्या भोवती पातळ फळ्यांच्या भिंती होत्या. भिंतींवर अंडी ठेवायचे पुठ्ठे उलटे ठोकून त्यांनाही रंग दिला होता. समोर काळा पडदा, पडद्याला बारीक भोके आणि पाठीमागे दिवे. दिवे लागले, की ती भोके तारे व्हायची. या सगळ्याला ‘भिंगरी’ म्हणत. भिंगरी हे यान होते, आणि दर रविवारी संध्याकाळी ते टीव्हीवर उडायचे.

यानाच्या कप्तानाचे काम ज्यांना मिळाले, त्यांनी तोवर टपालवाला, दुसरा हवालदार आणि नवरदेवाचा मोठा भाऊ एवढीच कामे केली होती. उंच, किडकिडीत, एक भुवई जरा वर चढलेली. चित्रणाच्या पहिल्या दिवशी दिग्दर्शकांनी सांगितले, की कप्तान खुर्चीत बसतील आणि खुर्ची गोल फिरेल. सुतार चौथऱ्याखाली दोरी धरून बसला होता. त्याने ओढले, मी फिरले, आणि दुसऱ्या फेरीतच कप्तानांचा चेहरा पांढराफटक पडला. ते कसेबसे उतरले आणि अंड्यांच्या पुठ्ठ्यांना डोके टेकून उभे राहिले. त्यांना लहानपणापासून भोवळीचा त्रास होता. बसमध्येसुद्धा ते खिडकीशी बसून लिंबू हुंगत जायचे. ताऱ्यांमधून यान हाकणारा माणूस असा निघाला.

काम हातचे जाते की काय, अशी वेळ आली होती. तेव्हा त्यांनीच दिग्दर्शकांना एक तोड सुचवली. कप्तान बसणारच नाही. यानातली माणसे बाहेर अनोळखी ग्रहांवर गेलेली असताना तो कसा बसेल? तो खुर्चीशेजारी उभा राहील. शेवटचा माणूस आत आला, की तो विचारेल, “सगळे आले?” आणि मगच बसेल. दिग्दर्शकांना ते आवडले. सुताराने माझ्या पायात एक पाचर ठोकली, म्हणजे मी हलायला नको. त्या दिवसापासून ते भागभर माझ्या डाव्या हातावर हात ठेवून उभे राहायचे. तो डुगडुगतो तो त्यामुळे. आणि भाग संपताना ते बसायचे. त्यांचे बसणे मला अजून आठवते. दिवसभर ओझे वाहून आलेला माणूस घराच्या पायरीवर टेकतो, तसे.

एका माणसाच्या भोवळीतून निघालेली ती सवय घराघरांत गेली. सहलीला गेलेल्या शाळांच्या गाड्यांमध्ये, मैदानांवर, जिन्यांमध्ये मुले एकमेकांना विचारू लागली, सगळे आले? स्टुडिओत मुलांच्या झुंडी येत. कप्तानांच्या गणवेशावर असत तशा कागदी चंदेरी पट्ट्या कॉलरला लावून यायची आणि मला हात लावून पाहायची. पूर्वी मला पाहून मागे सरकणारी मुले आता माझ्याकडे धावत होती. मला भरून यायचे. मालिका कितीतरी वर्षे चालली. मी चौथऱ्यावरून तसूभरही हलले नव्हते, तरी मला प्रवास आठवतात. निळ्या धुळीचा ग्रह आठवतो. ज्यावर सगळे आवाज उशिरा ऐकू येतात, तो ग्रह आठवतो. ते पुठ्ठ्याचे होते हे मला ठाऊक आहे, पण आठवणीला पुठ्ठा आणि दगड यांतला फरक कुठे कळतो?

मग मालिका संपली. दिवे गेले, पडदा गुंडाळला गेला, आणि मला कोठारात ढकलले. कुणीतरी माझ्यावर चादर टाकली, ती वर्षानुवर्षे कुणी उचलली नाही. कबुतरांनी माझ्या उशीवर घरटे केले. उंदरांनी गादीला भोक पाडून काथ्या नेला. चादरीच्या आत सदाच अंधार असायचा, आणि चादरीला पडलेल्या भोकांतून उन्हे आली की मला वाटायचे, तारे लागले. आता कप्तान येतील, माझ्या हातावर हात ठेवतील. ते दुसरीकडे कामाला लागले होते. नंतर त्यांना फारशी कामे मिळाली नाहीत, कारण ते टपालवाला झाले तरी लोकांना कप्तानच दिसायचे. हे सगळे मला पुढे कळले, इथल्या दुकानात.

कोठार पाडायचे ठरले, तेव्हा मला सोडवले या फोटोवाल्याने. त्याने उमेदीच्या काळात आमच्या मालिकेचे फोटो काढले होते. त्याने हातगाडीवरून मला दुकानात आणले, पायातली पाचर काढली, स्क्रूला तेल दिले, गादी शिवून घेतली. चंदेरी रंग बराचसा निघाला होता, उरलेला त्याने राहू दिला. तेव्हापासून ओळखपत्रांसाठी, अर्जांसाठी, लग्न जमवण्यासाठी फोटो हवे असलेली माणसे माझ्यावर बसू लागली. ‘भिंगरी’ची खुर्ची इथे आहे हे हळूहळू पसरले. मग भिंगरीवालेही यायला लागले. मालिकेवर जीव टाकणाऱ्या लोकांना असे म्हणत. ते आता मोठे झाले होते. आपापल्या मुलांना घेऊन यायचे, मुलांना माझ्यावर बसवायचे आणि स्वतः माझ्या शेजारी, डाव्या हातावर हात ठेवून, ताठ उभे राहायचे.

आणि एके दुपारी कप्तान स्वतः आले. कसल्याशा अर्जाला लावायला त्यांना फोटो हवा होता. फोटोवाल्याने हातातला कॅमेरा खाली ठेवून आधी नमस्कार केला. ते म्हातारे झाले होते, स्वेटरची बटणे एकेक घर चुकून लागली होती, भुवई मात्र तशीच वर. त्यांनी मला पाहिले आणि माझा हात थोपटला.

“अजून फिरतेस का गं?” त्यांनी मला विचारले.

मी फिरले नाही. मी अगदी स्थिर राहिले. ते बसले. फोटोवाल्याने त्यांना समोर बघायला लावून अर्जाचा फोटो काढला. काम झाले तरी ते उठले नाहीत. खिडकीतून ऊन आत येत होते, रस्त्यावर कुणीतरी मूल सायकल शिकत होते, आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. फोटोवाल्याने न सांगता आणखी एकदा बटण दाबले. तो फोटो अर्जाला चालण्यासारखा नव्हता, म्हणून त्याने तो कधी छापला नाही. निगेटिव्ह मात्र एका डब्यात ठेवून दिली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, एका सकाळी, रेडिओवर कप्तान गेल्याची बातमी आली. फोटोवाला दर्शनी काच पुसत होता. त्याने फडके खाली ठेवले आणि तो माझ्यावर न बसता माझ्या पायाशी, जमिनीवर बसला. दुपारपर्यंत दुकानासमोर माणसे जमली. कुणी बोलावले नव्हते. ती कुठे जाणार? कप्तानांच्या घराचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता, मी ठाऊक होते. पोट सुटलेले, केस पिकलेले लोक लहानपणीच्या चंदेरी पट्ट्या लावून आले होते. शेजारच्या दुकानदाराने बाक आणून टाकला, पण त्यावर कुणी टेकेना. कप्तान सगळे परतल्याशिवाय बसत नसत, आणि आता खुद्द कप्तानच परतणार नव्हते. म्हणून सगळे उभे होते. कुजबूज नाही, गोंधळ नाही. आवाज उशिरा ऐकू येणाऱ्या त्या ग्रहावर सगळा रस्ता जाऊन पोचल्यासारखा वाटत होता.

भिंगरीवाल्यांचा एक म्होरक्या होता. त्याचे चष्म्यांचे दुकान होते, आणि सगळे त्याला उपकप्तान म्हणत. सकाळपासून तो एका जागी थांबला नव्हता. दुसऱ्या दिवशी सभागृहात शोकसभा घ्यायची, व्यासपीठावर मला ठेवायचे, माझ्यावर कप्तानांचा गणवेशातला मोठा फोटो, आणि सभेनंतर मला काचेच्या पेटीत कायमचे जतन करायचे, यापुढे कुणी माझ्यावर बसायचे नाही, असे त्याने ठरवून टाकले होते. त्याने माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत रुपेरी फीत बांधली. फोटोवाल्याला नाही म्हणवेना. मला मान मिळत होता मित्रांनो, पण मला तो नको होता. काचेच्या आत आणि चादरीच्या आत यांत खुर्चीला असा काय मोठा फरक?

संध्याकाळ व्हायच्या सुमारास गर्दीतून वाट काढत एक वयस्क बाई दुकानात आल्या. हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर खूप दिवसांची अपुरी झोप. त्या दमल्या होत्या. सवयीने खुर्चीचा आधार घ्यावा तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या बसायला वळल्या.

“बाई, इथं नका बसू,” उपकप्तान मऊपणेच म्हणाला. “ही कप्तानांची खुर्ची आहे.”

चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला. हो का, म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या. मग त्यांनी फोटोवाल्याला विचारले, की कप्तानांचे काम करणाऱ्या गृहस्थांचा एखादा फोटो मिळेल का. फोटोवाल्याने भिंतीकडे बोट दाखवले. भिंत भरलेली होती. ताऱ्यांपुढे उभे कप्तान, गणवेशातले कप्तान, मुलांच्या गराड्यातले कप्तान. बाईंनी एकेक फोटो नीट पाहिला आणि मान हलवली.

“हे सगळे कप्तान आहेत,” त्या म्हणाल्या. “घरीही माझ्याकडे हेच आहेत. मला आमच्या ह्यांचा एक फोटो हवाय.”

फोटोवाला पुढे आला. त्याने माझ्या हातांवरची फीत सोडली, गुंडाळून खिशात घातली, आणि गादीवरून एकदा हात फिरवला.

“बसा वहिनी,” तो म्हणाला. “आहे माझ्याकडे. थोडा वेळ लागेल.”

आणि तो निगेटिव्हचा डबा घेऊन फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत गेला. त्या बसल्या. उपकप्तानाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो नुसता माफी माफी पुटपुटत राहिला.

“असू दे हो,” बाई म्हणाल्या. “तुमचंही माणूस गेलंय.”

मित्रांनो, मी दातांच्या भीतीने आखडलेली अंगे सोसली आहेत, पण एवढा थकवा माझ्यावर कधी बसला नव्हता. त्यांनी उशीला डोके टेकले. दवाखान्यातल्या बाकांवर त्यांचे महिनेच्या महिने गेले होते, हे मला कुणी सांगायला नको होते. मी माझ्या भेगा जमेल तेवढ्या मिटून घेतल्या.

दार अडवून उभी असलेली माणसे हळूहळू आत आली. कुणीतरी पाण्याचा पेला आणून दिला. मग एकाने धीर करून विचारले, घरी ते कसे होते? त्या हसल्या. घरी ते लिंबू कापून ठेवल्याशिवाय बाहेर पडत नसत. शिडीवर चढायला घाबरत, म्हणून दिवे बदलायचे काम बाईंकडे. ताऱ्यांतले त्यांना ओ की ठो कळत नव्हते, पण मुलांची पत्रे येऊ लागल्यावर लाज वाटून त्यांनी पुस्तक आणले, आणि गच्चीवर जाऊन, कठडा घट्ट धरून, एकेक नाव पाठ केले. बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांनी ‘भिंगरी’चा एकही भाग पुरता पाहिला नव्हता. त्या टेलिफोनच्या कचेरीत कामाला होत्या, रविवारची संध्याकाळ म्हणजे त्यांची पाळी. घरी आल्यावर विचारले, की ते म्हणायचे, काही नाही गं, उभा होतो नेहमीसारखा.

गर्दीत एक बस चालवणारी बाई होती. खाकी पोशाखात, पाळी संपवून तशीच आलेली. ती बाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसली, आणि तिला बसलेले पाहून बाकीचेही बसले. तिने पहिल्यापासून सांगायला घेतले. यान कसे उडायचे, निळ्या धुळीत कोण हरवले होते, कप्तान कसे वाट बघत उभे राहिले. मध्ये कुणी विसरले, की दुसरा पुढे सांगे. बाई लहान मुलासारख्या ऐकत होत्या. मग काय झालं, त्या विचारत. शेवटी बस चालवणारीने सांगितले, की ती रोज गाडी सुरू करण्याआधी आरशात मागे बघते आणि मनातल्या मनात विचारते, सगळे आले? लहानपणी एका यात्रेच्या गर्दीत ती हरवली होती. तिला शोधायला कुणीतरी उभे आहे, बसलेले नाही, एवढ्या एका विश्वासावर तिने त्या दिवशी रडे आवरले होते.

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या आयुष्यातल्या त्या सगळ्या रविवारच्या संध्याकाळी, ज्या त्यांना कायम रिकाम्या वाटल्या होत्या, त्या एकेक करून त्यांच्या ओटीत परत पडत होत्या. मी त्यांच्या पाठीशी होते, मला त्यांचा श्वास मोकळा होताना कळला.

फोटोवाला बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ओला कागद होता. चिमट्याने धरून त्याने तो बाईंपुढे केला. स्वेटर घातलेला एक म्हातारा माणूस खिडकीबाहेर बघत होता. बटणे चुकलेली, ओठ थोडे विलग. रस्त्यावरचे ते सायकल शिकणारे मूल आता पडेल की काय, अशी काळजी चेहऱ्यावर, आणि पडले तर आपण उठू अशी तयारीही.

“हेच,” बाई म्हणाल्या. “हेच आमचे.”

उपकप्तान वाकून बघत होता. सकाळपासून त्याने सभागृह ठरवले, फुले सांगितली, शंभर जणांना निरोप धाडले, आणि त्याच्या डोळ्यांना टिपूस नव्हता. कप्तानांना सलाम करायचा असतो, त्यांच्यासाठी ताठ उभे राहायचे असते. पण या बटणे चुकलेल्या म्हाताऱ्यापुढे ताठ कसे उभे राहणार? तो त्याच्या बापासारखा दिसत होता, कुणाच्याही बापासारखा. उपकप्तानाने चष्मा काढला आणि तो हमसून हमसून रडला. मग बाईंनी विचारले, की उद्या सभेत हा फोटो ठेवला तर चालेल का. त्याने मान डोलावली. माझे काय करायचे, हेही कुणीतरी विचारले.

“खुर्चीच आहे ना ती?” बाई उठता उठता म्हणाल्या. “मग बसू दे की लोकांना.”

सभेला मी गेले नाही. फोटोवाल्याने परत येऊन मला सगळे सांगितले, तो हल्ली माझ्याशी बोलतो. व्यासपीठावर खिडकीबाहेर बघणारे ते होते, आणि त्यांच्या बाजूला, लहानशा चौकटीत, कप्तान. बाई पहिल्या रांगेत होत्या, बस चालवणारीच्या शेजारी. आता भिंगरीवाले महिन्यातून एकदा बाईंच्या घरी जमतात आणि त्यांना जुने भाग दाखवतात. त्या मध्येच म्हणतात, बघा, आता ह्यांना भोवळ आलीय, आणि पडद्यावर कप्तान शांतपणे माझा हात घट्ट धरतात.

मित्रांनो, मी पुष्कळ पाहिले, आता तुमच्याकडे थोडे मागते. जुन्या वस्तूंना तेल द्या, त्यांचे स्क्रू आवळा, फाटले ते शिवून घ्या, आणि त्यांना काम करू द्या. पण एखादे लाडके माणूस गेले, आणि त्याच्या वस्तूंना फिती बांधाव्याशा वाटल्या, तर आधी जरा दाराकडे बघा. त्या माणसाला शेवटपर्यंत सांभाळून दमलेले कुणीतरी तिथे उभे असेल. त्याला आत बोलवा, आणि खुर्ची पुढे करा.